बेगमी तारेत की बॅटरीत?

छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरले की घरात दोन कोटेशनं येतात. एक बिनबॅटरीचं, दुसरं बॅटरीसकट. दोन्हींतलं अंतर एवढं मोठं असतं की घरातली सगळी माणसं त्या एका आकड्याभोवतीच बोलू लागतात, आणि विकणारा ज्या बाजूचा असेल तिकडे निर्णय झुकतो. एक सांगतो, बॅटरी म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा सांगतो, वीज गेली की बॅटरीशिवाय पॅनेल नुसते शोभेचे. दोघंही अर्धं खरं बोलतात, आणि उरलेलं अर्धं घरच्यांनीच विचारायचं असतं. ते विचारलं जात नाही, याची मला खंत वाटते.

म्हणून हा वाद मी एका मामाच्या आणि भाचीच्या तोंडी घालतो आहे. माणसं कल्पनेतली, पण त्यांची परिस्थिती कोकणकिनाऱ्यावर घरोघरी सापडेल अशी. मामा कऱ्हाडचा. वीज मंडळात लाइनमन म्हणून लागला, २००५ साली मंडळाचे भाग पडले तेव्हा महावितरणमध्ये आला आणि प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाला. भाचीचं सासर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. स्लॅबचं घर, मागे नारळाची बाग, विहिरीवर पंप, घरात दोन मुलं आणि मधुमेह-दम्याच्या सासूबाई.

भाची: मामा, माझं ठरलंय. ३ किलोवॉटचे पॅनेल आणि १० युनिटांची लिथियम बॅटरी. एकदाच काय तो खर्च. मग त्या तारेकडे बघायलाच नको.

मामा: तारेनं तुझं काय घोडं मारलंय?

भाची: ३ जून २०२० विसरलास? निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत खांब आडवे झाले. किती गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्यानं गुजरातकडे गेलं, तेव्हा पुन्हा तेच. आणि वादळं तरी कशाला हवीत? मेअखेरीचा पहिला वळीव आला, एक झावळी तारेवर पडली, की रात्र गेली.

मामा: सगळं कबूल. त्या खांबांसाठी घाटावरची माणसं खाली उतरली होती, मला माहीत आहे ते किती खड्डे खणावे लागले. पण मला एवढंच सांग, ही १० युनिटांची बॅटरी तू अंधारासाठी घेतेयस की बिलासाठी?

भाची: दोन्हीसाठी. बिल शून्य आणि अंधारही नाही.

मामा: मग आधी बिल बाजूला काढू. महिन्याला युनिटं किती जळतात?

भाची: सरासरी ३००. मे महिन्यात ४०० ला टेकतात.

मामा: १ किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनं रोज ४ युनिटांच्या आसपास देतात. तुझे ३ किलोवॉट म्हणजे रोज १२. एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त, जुलैत तुमच्याकडच्या पावसात निम्म्याच्याही खाली. वर्षाची बेरीज केली तर तुझी गरज भागून थोडं उरतं. प्रश्न एवढाच की ऊन दुपारी आणि पंखे रात्री. मधली साठवण कुठे करायची?

भाची: तेच तर. बॅटरीत.

मामा: नेट मीटर असेल तर साठवण तारेत होते, फुकट. दुपारी १० युनिटं बाहेर गेली, रात्री १० आत आली, मीटरच्या हिशेबी फिटंफाट. तीच १० बॅटरीत घातलीस तर चढउतारात एखादं युनिट जातं, रात्री ९ हाती येतात. म्हणजे बिलाच्या बाजूनं बॅटरीची कमाई शून्यसुद्धा नाही, उणे आहे. दोन-अडीच लाखांची वस्तू घ्यायची आणि वर तिनं रोज एक युनिट खायचं.

भाची: पण माझी वीज कंपनीकडे ठेवायची आणि त्यांच्या मेहेरबानीवर बसायचं?

मामा: ऐक ना. तुमच्याकडे पावसाच्या आधी आगोट भरतात ना? सुकी मासळी, तांदूळ, लाकडं. मे महिन्यात तुझे पॅनेल जे जास्तीचं देतात ते जुलैसाठी ठेवायचं असेल तर कुठल्या बॅटरीत ठेवशील? बॅटरी आजची दुपार रात्रीपर्यंत नेते, फार तर उद्यापर्यंत. मे महिना जुलैपर्यंत न्यायचं काम फक्त मीटर करतो. युनिटं खात्यावर पुढे पुढे सरकतात, ३१ मार्चला हिशेब होतो, उरलेली युनिटं कंपनी अगदी कमी दरानं घेते आणि पाटी कोरी होते. एप्रिलला सुरू होणारं हे खातं कोकणातल्या माणसासाठीच केल्यासारखं आहे. आधी ऊन, मग पाऊस.

इथे मी मध्ये बोलतो, कारण बॅटरीच्या चर्चेत हा मुद्दा कधीच कुणी काढत नाही. तार तोडून पूर्ण स्वतंत्र व्हायचं, ही कल्पना मनाला फार भावते. पण तिचं माप जुलै महिना ठरवतो. दापोलीत सलग चार दिवस सूर्य दिसत नाही, असं पावसाळ्यात सहज होतं. रोज १० युनिटं लागणाऱ्या घराला त्या चार दिवसांसाठी ४० युनिटं साठवून ठेवावी लागतील. साठवणीच्या एका युनिटाला वीस-पंचवीस हजार रुपये धरले तर आकडा आठ-दहा लाखांवर जातो, आणि एवढी बॅटरी वर्षातले दहा महिने जवळजवळ भरलेलीच पडून राहते. शिवाय २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान, म्हणजे पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळून ७८,००० रुपये, हे तारेला जोडलेल्या संचालाच आहे. बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही. जिथे खांबच पोचलेला नाही अशा पाड्यावरच्या घराची गोष्ट वेगळी, तिथे बॅटरीला पर्याय नाही. भाचीच्या दारात खांब उभा आहे.

भाची: बरं, तार राहू दे. पण मला हे सांग, आमच्या शेजाऱ्यांनी बॅटरीशिवायचे पॅनेल लावलेत. परवा भर दुपारी वीज गेली, डोक्यावर कडकडीत ऊन, आणि त्यांचा पंखा बंद. एवढे पॅनेल असून घाम पुसत बसले होते. हा कसला न्याय?

मामा: तो न्याय खांबावरच्या माणसासाठी आहे. समज, तुमच्या फीडरवर बिघाड झाला. पोरगा स्विच पाडून खांबावर चढलाय, लाइन मेलेली आहे असं समजून तारेला हात घालतोय. आणि खाली गावातल्या वीस छतांवरून वीज उलटी तारेत येतेय. डीपीत तीच २३० व्होल्टची ११ हजार होते. म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर तारेतली वीज गेल्याचं ओळखून क्षणात स्वतःला बंद करतो. मी या कामात माणसं गेलेली पाहिली आहेत. तो इन्व्हर्टर बंद पडतो तेव्हा तो नादुरुस्त नसतो, त्याचं काम चोख करत असतो.

भाची: हे विकणाऱ्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

मामा: सांगायला हवं होतं.

भाची: म्हणजे माझा मुद्दा उभाच राहिला. बिलासाठी तार पुरते. अंधारासाठी पुरत नाही.

मामा: नाही पुरत. तिथे तू बरोबर आहेस.

खरा वाद इथून सुरू होतो. अंधारही एका जातीचा नसतो. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वीज जाते ती अर्ध्या-पाऊण तासासाठी. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या, ती अख्ख्या देशात बातमी झाली, कारण तिथे ते घडत नाही. किनाऱ्यावर, घाटमाथ्यावर, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावात वीज जाते ती रात्रभरासाठी, आणि काही वर्षांनी एकदा ती आठवड्यांसाठी जाते. पाऊण तास, एक रात्र आणि तीन आठवडे या तीन वेगळ्या गरजा आहेत. प्रत्येकीला लागणारी वस्तू वेगळी, आणि तिन्हींसाठी एकच मोठी बॅटरी विकली जाते.

मामा: तुझ्या घरात काय थांबलेलं चालणार नाही, तेवढंच सांग. सगळं घर नको.

भाची: तीन पंखे रात्रभर. पाच दिवे. फ्रिज, कारण त्यात सासूबाईंचं इन्सुलिन. नेब्युलायझर. मुलांचं आणि ह्यांचं वायफाय. पंप.

मामा: नेब्युलायझर दहा मिनिटं चालतो, त्याला काही लागत नाही. ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर असता तर मी बॅटरीबद्दल तुझ्याशी वादच घातला नसता. तो तीनशे-साडेतीनशे वॉट खातो आणि अखंड चालतो, दिवसाला आठ युनिटं जातात. त्या घराला मोठी बॅटरी हवीच, आणि भरलेला सिलिंडरही हवा. इन्सुलिनचं म्हणशील तर वापरात असलेली कुपी थंड जागी महिनाभर बाहेर राहू शकते. जपायचा असतो तो न उघडलेला साठा. एका रात्रीत तो जात नाही, फ्रिजचं दार उघडलं नाहीस तर. आता पंखे कुठले आहेत?

भाची: साधेच. जुने.

मामा: साधा पंखा ७५ वॉट. तीन पंखे दहा तास, सव्वादोन युनिटं. तेच बीएलडीसी पंखे घेतलेस तर प्रत्येकी ३० वॉट, तिघांचं मिळून एक युनिटही नाही. सव्वा-दीड युनिट वाचलं. तेवढ्या साठवणीला पंचवीस-तीस हजार मोजावे लागतात. पंखे बदलायला नऊ-दहा हजार.

भाची: म्हणजे बॅटरीच्या आधी पंखे.

मामा: आणि बॅटरीच्या आधी टाकी. एक एचपीचा पंप चालताना किलोवॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कैकपट ओढतो. त्या एका झटक्यासाठी इन्व्हर्टरचं माप दुप्पट करावं लागतं. टाकी केवढी?

भाची: पाचशे लिटर.

मामा: हजाराची दुसरी बसव. वादळाचा इशारा आला की दोन्ही भरून ठेव. पंप यादीतून काढून टाक.

भाची: मग उरलं किती?

मामा: पंखे पाऊण-एक युनिट, दिवे पाव, फ्रिजला रात्रीचं अर्धं-पाऊण, वायफायला नखभर. दोन युनिटांत रात्र निघते. तू दहांची घ्यायला निघाली होतीस.

हा हिशेब कागदावर करायला संध्याकाळ पुरते, आणि तो न करता लाखांचे निर्णय होतात. मला वाटतं, बॅटरीवाल्या कोटेशनमध्ये सर्वांत मोठा तोटा इथे लपलेला असतो: बॅटरी घराच्या मासिक बिलाच्या मापाची दिली जाते, अंधाऱ्या रात्रीच्या मापाची नाही. एसी त्या यादीत शिरला तर मात्र माप पार बदलतं. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सहा-आठ युनिटं सहज घेतो. वीज गेलेल्या रात्री एसी हवाच, असं ठरवणाऱ्या घरानं ती चैन किती लाखांची आहे हे आधी पाहावं.

भाची: माझ्याकडे जुना इन्व्हर्टर आहे, दीडशे एएचच्या ट्युब्युलर बॅटरीचा. तो चालणार नाही?

मामा: बारा व्होल्ट गुणिले दीडशे, म्हणजे कागदावर १.८ युनिटं. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलीस तर ती लवकर मरते, म्हणून कामाचं ०.९ धर. दोन लागतील. पाणी घालत राहावं लागेल, चार-सहा वर्षांनी बदलावी लागेल, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती खेळत्या हवेत ठेवायची, देवघराखाली किंवा गॅसच्या शेजारी नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची अडीच युनिटांची घेतलीस तर त्यातली सव्वादोन वापरता येतात, आणि काही हजार वेळा भरून रिकामी होते. महाग पडते, पण तुझ्यासारख्या घरात दहा वर्षं सहज निघावीत. उष्णतेनं मात्र दोन्ही म्हाताऱ्या होतात. पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नकोस.

भाची: मग घेऊ अडीचची लिथियम. मिटलं.

मामा: मिटलं कसं? माझं म्हणणं अजून वेगळं आहे. तू ऑन-ग्रिड पॅनेल घे, अनुदान घे, आणि जुन्या इन्व्हर्टरला फक्त आणखी एक शिशाची बॅटरी जोड. वीज असताना तो तारेवर भरतो, गेली की एक रात्र काढतो. लाखभर रुपये वाचतात. फक्त त्या जुन्या इन्व्हर्टरच्या बाहेरच्या वायरीवर सौर इन्व्हर्टर कुणाला जोडू देऊ नकोस. उलटी आलेली वीज तो सोसू शकत नाही, जळेल.

भाची: आणि निसर्गसारखे तीन आठवडे? पहिल्या रात्रीनंतर ती शिशाची बॅटरी भरणार कोण? तारेत वीज नाही, आणि ऑन-ग्रिड पॅनेल तुझ्या खांबावरच्या माणसासाठी बंद.

मामा: एक सुटं पॅनेल लाव, चार्ज कंट्रोलरवरून थेट बॅटरीला. साडेपाचशे वॉटचं एक पुरे.

भाची: उन्हाळ्यात पुरेल, दोन युनिटं देईल. पण वादळ येतं जूनमध्ये. वादळ गेल्यावरही आभाळ आठवडाभर गच्च असतं. अशा दिवशी पॅनेल पाचवा हिस्सा दिला तर दिला. तुझ्या एका पॅनेलमधून अर्धं युनिटसुद्धा येणार नाही. माझे छतावरचे सगळे ३ किलोवॉट मात्र त्याच गच्च दिवशीही दोन-अडीच युनिटं देतील, म्हणजे लहान बॅटरी रोज भरेल. म्हणून मला हायब्रिड इन्व्हर्टर हवाय. वीज गेली की तो घराला तारेपासून तोडतो, लाइनमनला धोका नाही, आणि पॅनेल चालूच ठेवतो. पॅनेल मोठे, बॅटरी लहान. मोठ्या बॅटरीपेक्षा हे मला जास्त पटायला लागलंय.

मामा: (थोडं थांबून) हे मी धरलं नव्हतं.

मी या ठिकाणी भाचीच्या बाजूचा आहे, आणि तसं स्पष्ट लिहितो. किनाऱ्यावरच्या, लांब अंधार पाहिलेल्या घरासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि यादीपुरती लहान लिथियम बॅटरी हा खर्च योग्य आहे. कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या बंगल्यात मात्र मामाचं म्हणणं खरं. तिथे अर्ध्या तासाच्या खंडासाठी जुना इन्व्हर्टर पुरतो, आणि नेट मीटर असताना बॅटरीचे पैसे बिलातून कधीच परत येत नाहीत. दोन्ही ठिकाणी एकच संच विकणाऱ्यापासून सावध राहावं.

पण मामाच्या मनात एक वेगळी गोष्ट होती. ती पैशांची नव्हती.

मामा: मला बॅटरीचा राग का आहे सांगू? लोडशेडिंगच्या वर्षांत मी ड्यूटीवर होतो. फीडरची गळती आणि वसुली पाहून गट पाडले होते, वाईट गटातल्या गावांना दहा-बारा तास अंधार. ज्यांना परवडलं त्यांनी इन्व्हर्टर घेतले. वीज आली की ते सगळे एकदम चार्जिंगला लागायचे, भार आणखी वाढायचा, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या वाट्याला आणखी अंधार. शिवाय ज्यांच्या घरात दिवा होता ते तक्रार करायला येईनात. पैसेवाल्यांनी आपापला उजेड घेतला की सगळ्यांच्या तारेसाठी भांडणार कोण?

भाची: माझी बॅटरी उन्हावर भरणार आहे, मामा. शेजाऱ्याच्या वाट्यातून नाही.

मामा: तो फरक आहे, मान्य. पण साठवण एकत्र केलेली बरी, हे मला अजूनही वाटतं. घाटघरला बघ. अकोले तालुक्यातल्या डोंगरावर एक धरण, खाली शहापूरच्या बाजूला दुसरं. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं, २५० मेगावॉट. चार युनिटं घालून तीन मिळतात, पण ती सगळ्यांना मिळतात. कोयना आहे, १,९६० मेगावॉटची. संध्याकाळी दिवे लागले की यंत्रं फिरवायची.

भाची: आणि कोयनेचं पाणी? वीज करून ते पश्चिमेला आमच्या वाशिष्ठीत येतं, कृष्णेला परत जात नाही. कृष्णेच्या पाणीवाटप लवादानं ते वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून ठेवलंय. तू कऱ्हाडचा, तुला मी काय सांगायचं. सगळा महाराष्ट्र छतांवर पॅनेल लावतोय, दुपारी वीज उतू जाणार, संध्याकाळी सातला सूर्य नाही आणि सगळ्यांचे दिवे, टीव्ही, पंप एकदम. तेव्हा किती वेळा कोयना धावणार? माझी बॅटरी त्या तीन तासांत माझं घर चालवत असेल तर तेवढा भार मी सगळ्यांच्या डोक्यावरून उतरवतेच आहे.

मामा: पण त्याचे तुला आज पैसे मिळत नाहीत.

भाची: आज नाही. नियम असेच राहतील कशावरून? माझा दीर सॅन होजेला असतो. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या सौर ग्राहकांना तारेत सोडलेल्या विजेचा मोबदला तीन-चतुर्थांशानं घसरला. जुन्यांना वीस वर्षांची मुदत, नव्यांना नवा हिशेब. त्याने त्यानंतर पॅनेल लावले, म्हणून बॅटरीसकटच लावले. वणव्याच्या भीतीनं तिथली कंपनी वीज बंद ठेवते ते वेगळंच. आपल्याकडेही २०२५ च्या दरनिश्चितीत छतावरच्या सौरवाल्यांना दिवसाच्या वेळांचा हिशेब लावावा का, यावरून वाद झालाच की.

मामा: दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटाशी वजा होणार नाही असं कधी झालं, तर मात्र हिशेब उलटा होईल. समज, सोडलेल्या युनिटाला ३ रुपये आणि घेतलेल्याला ११. पाच युनिटांची बॅटरी रोज भरून रिकामी केली तर वर्षाला सोळाशे युनिटं, युनिटमागे ८ रुपये, तेरा हजारांच्या आसपास. सव्वा लाखाची बॅटरी नऊ-दहा वर्षांत फिटते. फार नाही, पण तोटाही नाही.

भाची: मग आत्ताच पाचची का नको?

मामा: कारण तो नियम आज नाही. अजून न झालेल्या नियमासाठी आज जास्तीचे साठ हजार कशाला अडकवतेस? इन्व्हर्टर वाढवता येण्यासारखा घे, एवढं पुरे. आणि वाचलेले पैसे सांगाड्यात घाल. तुझ्या सगळ्या हिशेबात एक भोक आहे. ज्या वादळासाठी तू हे करतेयस त्याच वादळात पॅनेल उडाले तर? निसर्गचा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. सांगाडा स्लॅबला नीट बोल्ट करून हवा, नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला नको. गरम जस्तात बुडवलेलं लोखंड हवं, तुमची खारी हवा साध्या रंगाला दोन पावसाळ्यांत खाते. वळिवातल्या विजांसाठी अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे, सर्ज प्रोटेक्टर दोन्ही बाजूंना. आणि तो पश्चिमेचा नारळ दुपारनंतर सावली टाकतो का बघून घे.

भाची: नारळ तोडणार नाही.

मामा: नको तोडू. पॅनेल पूर्वेला सरकव.

भाची: हायब्रिडला तुझी हरकत नाही ना मग?

मामा: तुझ्या घरासाठी नाही. पण सगळे हायब्रिड सारखे नसतात. काही वीज गेली की बॅटरीवर पंखे चालवतात आणि पॅनेलकडून काहीच घेत नाहीत. म्हणून शेवटचे पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला भर दुपारी मेन स्विच पाडायला सांग. पंखे फिरत राहिले एवढ्यावर समाधान मानू नकोस. डिस्प्लेवर बघ, पॅनेलमधून बॅटरीत वीज चाललीय का.

भाची: आणि रात्रीचं?

मामा: एका रात्री नऊ वाजता पुन्हा मेन पाड आणि सकाळपर्यंत तसंच राहू दे. फ्रिज, पंखे, मुलांचं वायफाय, सगळं नेहमीसारखं. सकाळी किती टक्के उरली ते लिहून घे. अडीच पुरतात की नाही ते कळेल.

भाची: नाही पुरले तर पाचची घ्यायची, हे आत्ताच कबूल कर.

मामा: कबूल. पण आधी पंखे बदल, मग मोज.